उंबरठा कापणारे नीळकंठराव

नीळकंठराव लाखनीकर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हुकमाच्या सुरात. भिलाईत तेव्हा कारखाना कमी आणि धूळ जास्त होती. नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी दुर्गहून सायकलीने आलो होतो आणि या धुळीला शोभेल असे एखादे संस्कृत विशेषण शोधत एका रुंद, तिरप्या फळीवर उभा होतो.

"शास्त्रीबुवा, बाजूला व्हा. ती उभं राहायची जागा नाही, सिमेंटची वाट आहे."

मी उडी मारली. पोत्यांनी भरलेली हातगाडी ढकलत दोघे मजूर त्याच फळीवरून सरळ वर गेले. माझी शेंडी पाहून नीळकंठरावांनी दिलेले ते नाव पुढे इथल्या सगळ्या मराठी घरांनी उचलले. मूळ नाव आता पोस्टमनखेरीज कोणाला ठाऊक नाही.

नीळकंठराव आधी रेल्वेत होते, मग इथे बांधकामावर ओव्हरसियर झाले. यंदा त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. इथल्या आमच्या मराठी मंडळाने गौरवग्रंथ काढायचे ठरवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "त्या कागदाच्या खर्चात एक मोरी बांधून झाली असती." ग्रंथ निघतो आहे. मोरी राहिली आहे.

त्यांच्या हातून पुष्कळ मोठी बांधकामे झाली. त्यांबद्दल इतर लेखक लिहितीलच. मला लिहायचे आहे ते इथल्याच मरोदा वस्तीजवळच्या एका लहानशा घराबद्दल.

शंकर हा भंडाऱ्याकडच्या धानाच्या शेतातून आलेला गडी. एका ठेकेदाराकडे रेल्वेच्या सायडिंगवर लोखंड उतरवताना त्याचे दोन्ही पाय गेले. इस्पितळातून तो परतला तेव्हा त्याच्या झोपडीत दुसऱ्या मजुराची चूल पेटलेली होती. झोपडी कामावरच्या माणसासाठी असते, असे त्याला सांगण्यात आले. शंकरने फळीला बेअरिंगची चाके ठोकून बुटकी गाडी केली आणि मरोद्याच्या बाजारात स्टो दुरुस्त करू लागला. कमाई झाली, पण घर मिळेना. परवडेल त्या खोलीला पायऱ्या असत, आणि पायऱ्या नसलेली खोली परवडत नसे. त्याची बायको गिरजा त्याला सकाळी पाठीवरून खाली उतरवी आणि संध्याकाळी वर नेई. तिला दिवस गेले तेव्हा शंकर वरच बसून राहिला. स्टो घेऊन पायऱ्या चढून कोण येतो? गिऱ्हाईक दुसरीकडे गेले.

नीळकंठराव स्वतःचा स्टो घेऊन वर गेले आणि खाली आले ते रागावून. मला म्हणाले, "सिमेंटच्या पोत्याला चढता येत नाही म्हणून आपण उतार बांधतो, शास्त्रीबुवा. माणसाला चढता येत नाही, तं त्याले म्हणतो, नशीब!"

आमचे मंडळ तेव्हा भाड्याने द्यायची छोटी घरे बांधत होते. ओळीतली टोकाची दोन घरे अपंगांसाठी ठेवावीत, दारापर्यंत उतार असावा, मोरीला चाके अडवणारा कठडा नसावा आणि भाडे स्टो दुरुस्त करणाऱ्याला झेपेल एवढेच असावे, अशी मागणी नीळकंठरावांनी केली. मागणी साधी होती, म्हणून तिच्यावर सभा पुष्कळ झाल्या. मी वार्ताहर असल्याने सभांमध्ये जागे राहण्याची मला सवय आहे. तरी मीही पेंगलो. एकाने विचारले, "असे लोक आहेत तरी किती?" नीळकंठराव म्हणाले, "म्हातारे होणारे सगळे." तरीही ठराव झाला नाही. अखेर तो मंजूर झाला, तो पटल्यामुळे झाला असे मी म्हणणार नाही. सगळे थकले होते, आणि नीळकंठराव सर्वांत उशिरा थकणार हे एव्हाना सर्वांना कळले होते.

घर झाले. संस्कृत येणारा म्हणून गृहप्रवेशाची पूजा सांगायला मीच गेलो. गाडीवर शंकर, कडेवर तान्ही लेक घेतलेली गिरजा आणि मागे सगळी मराठी वस्ती. दाराशी पोहोचलो तो काय, चौकटीत नवाकोरा, वीतभर उंच सागवानी उंबरठा! नीळकंठरावांच्या पत्नी यमुनावहिनींनी तो मुद्दाम घडवून घेऊन आदल्या संध्याकाळी सुताराकडून बसवला होता. गरिबाच्या घराला उंबरठासुद्धा नको का, या मायेने त्यांनी तो भेट दिला होता. हळदकुंकू वाहिलेले होते. चूक एकट्या त्यांची म्हणता येणार नाही. रांगोळी घालणाऱ्या सगळ्याजणी तिथे होत्या आणि उंबरठ्याशिवाय घर कसले, हेच सर्वांच्या मनात होते.

गाडी उंबरठ्याला अडली. मागून एक काकू सवयीने म्हणाल्या, "उजवं पाऊल आधी टाक हो, शंकर." मग त्यांनी जीभ चावली.

शंकर हसला. "काकू, उजवं पाऊल तं सायडिंगवर राह्यलं. उजवं चाक चालन का?"

दोघेजण त्याला उचलायला वाकले. तो एकदम कडक झाला. "मले उचलू नका. आज उचलान. उद्या कोन येईन?"

नीळकंठरावांनी करवत मागवली. वहिनी पुढे आल्या. "अहो, हे काय करून राहिले? कुंकू ओलं आहे अजून!"

"ते वाळेपर्यंत शंकर बाहेर बसेल."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. "शास्त्रीबुवा, तुम्ही तरी सांगा. शास्त्रात काय आहे?"

"शास्त्रात उंबरठा आहे," मी म्हणालो.

"मग शास्त्राला रोज सकाळी शंकरला उचलायला पाठवा," नीळकंठराव म्हणाले, आणि उंबरठ्यावर करवत चालवू लागले.

उंबरठा निघाला. भुसा झाडायला पहिल्यांदा खाली बसल्या त्या यमुनावहिनी. डोळे भरलेले होते, नवऱ्याशी त्या पुढे आठवडाभर बोलल्या नाहीत असे ऐकतो, पण त्यांनी जमिनीवरच रांगोळीची सरळ रेघ ओढली, तिला हळदकुंकू वाहिले आणि म्हणाल्या, "हाच उंबरठा. ये रे बाबा." उजवे चाक आधी आणि मग डावे, असा शंकर आपल्या हातांनी आपल्या घरात गेला. ती रेघ गिरजा आजही रोज घालते आणि शंकरची चाके ती रोज पुसतात.

माणसाची विचारपूस कशी करावी हे मात्र नीळकंठरावांना जमलेले नाही. मी विषमज्वराने अंथरुणाला खिळलो होतो तेव्हा ते आले, प्रकृतीबद्दल चकार शब्द न बोलता खाट हलवून पाहिली आणि तिच्या आखूड पायाखाली सागवानाचा एक तुकडा सारून निघून गेले. तुकड्यावर हळदीचा डाग होता. बरा होईपर्यंत मी अगदी समतल झोपलो.

त्यानंतर तशी आणखी घरे बांधून झाली असती तर हा लेख आनंदाने संपवता आला असता. आजही ती दोनच आहेत. नीळकंठरावांकडे अजून लोक येतात, कोणी कुबडीवर, कोणी भावाच्या पाठीवर. ते प्रत्येक वेळी नव्याने अर्ज करतात, सभेला जातात, "पुढच्या वर्षी पाहू" ऐकून घरी येतात. घर म्हणजे मुलाचे क्वार्टर, वरच्या मजल्यावरचे. मधल्या पायरीवर ते कठडा धरून थांबतात. दम लागला का, असे मी परवा विचारले. म्हणाले, "दम कायचा? विचार करून राहिलो."

त्यांचा एक हात गुडघ्यावर होता.

सत्कारासाठी समितीने व्यासपीठ ठरवले होते. ते नको, असा नीळकंठरावांचा निरोप आला. हार शंकर घालणार आहे. त्यामुळे सत्कारमूर्ती त्या दिवशी जमिनीवरच, सर्वांच्या बरोबरीने बसतील. नीळकंठरावांनी भरपूर जगावे, आम्हाला असेच सभांमध्ये थकवत राहावे, एवढेच मागणे आहे. आणि त्यांचे गुडघे ज्या दिवशी साफ नाही म्हणतील, त्या दिवशी या गावात त्यांच्यासाठी एक तरी घर रिकामे असावे, जिथे त्यांना उचलून न्यावे लागणार नाही. रांगोळीची रेघ ओढायला यमुनावहिनी आहेतच.