भिंतीकडे तोंड करून

आमच्यात बाईमाणसाला दवाखान्यात नेलं की बाप्याच बोलतो. बाई नुसती मान हलवते. सून पोट धरून वाकली तेव्हा मुलगा टेम्पो घेऊन नाशिकला गेलेला. तिला टॅक्सीत घालून लालबागहून परळच्या इस्पितळात मीच नेलं. वाटभर ती म्हणत होती, काय नाय, पित्त झालंय.

गेल्या साली बायको ह्याच कॅज्युअल्टीत हेच म्हणाली होती. भोवती आम्ही तीन बाप्ये उभे. डॉक्टरने विचारलं तर म्हणाली, पित्त. हार्टचं निघालं. छातीत काय होत होतं ते सोबत घेऊन गेली.

आता तिथे टॅब देतात. मराठीत प्रश्न येतात, हो की नाही दाबायचं. त्यावरून कोणाला आधी आत घ्यायचं ते सिस्टर बघते. मी चौथी शिकलेला, अक्षर लावत मोठ्याने वाचू लागलो. ताप? उलटी? सून मान हलवायची, मी दाबायचो. बाकावरचा दुसरा म्हातारा कान देऊन बसला, मी पेपर वाचून दाखवतोय असा.

मग आलं, पाळी चुकली आहे का?

मी अर्ध्यावरच थांबलो. सासऱ्याने सुनेला हे विचारायचं? नाही दाबून पुढे गेलो असतो, कोणाला कळणार होतं. पण तिचं तोंड पांढरं पडलेलं आणि ती माझी नजर टाळत होती. बायकोनेही अशीच टाळली होती. टॅब तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "तुझं तू दाब गो. मी बघत नाय." भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. त्या म्हाताऱ्यालाही सुनावलं, "तू पण फिर रे तिकडे." फिरला बिचारा.

तिने दाबलं. सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन धावतच आली. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटून पोटात रक्त साचलेलं. लगेच ऑपरेशन केलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, वेळेत कळलं म्हणून वाचली.

ते मशीन काय मोठं हुशार नाय. त्याला तोंड नाही, म्हणून त्याची लाज वाटत नाही, एवढंच. बायकोच्या वेळी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात विचारलं, दुखतंय का. "काय नाय, बाबा." मी स्टूल फिरवलं, तिच्याकडे पाठ करून बसलो आणि परत विचारलं.

ती हसली, मग कळवळली. "दुखतंय हो. हसवू नका, टाके ओढतात."