फ्लेक्सवरची गोरी मुलगी

गाव सोडलं त्या दिवशी एसटीच्या खिडकीतून मी शेवटचं काय पाहिलं, तर स्वतःलाच. स्टँडसमोर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फ्लेक्स लावला होता: 'कंपनीत इंजिनिअर म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली भावकीतल्या झाडून सगळ्यांचे फोटो. छापणाऱ्याने मला इतकी गोरी केली होती की शेजारच्या काकूंनी विचारलं, "ही कोण गं?" घरात मला लहानपणापासून लाडाने काळी म्हणत. त्या दिवसापासून अण्णांच्या तोंडी मी 'साहेब' झाले. कंडक्टरलाही ते सांगत होते, "आमची लेक हाय ती. साहेब झालीय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काळेवाडीत तिघींत एक खोली आणि सकाळी कंपनीच्या बसने चाकण. मी क्वालिटीला, म्हणजे तयार पार्ट तपासायला. पार्टमध्ये दोष दिसला की लाल बटण दाबायचं. अख्खी लाइन थांबते आणि सगळ्या माना तुमच्याकडे वळतात. चुकून दाबलं तर? या धास्तीने मी एकच पार्ट पुन्हापुन्हा तपासायची, शिफ्ट संपली तरी मागे थांबायची. डबा तसाच परत यायचा. अण्णा फोनवर विचारायचे, "साहेब, कसं चाललंय?" मी म्हणायची, "मस्त." मनात मात्र एकच. आज ना उद्या कंपनीत कळणारच, हिला काही येत नाही.

एकदा वेल्डिंगला बारीक चीर दिसल्यासारखी वाटली. पार्ट पुढे सरकत होते. दाबलं बटण! चीर खरीच निघाली. मॅनेजरांनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या. "गुड कॅच! अशी नजर पाहिजे." तुम्हाला वाटेल, सुटले. छे! उलट जास्तच अडकले. नशिबाने एकदा जमलं, आता रोज ही नजर कुठून आणू? दुसऱ्या दिवशी बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरकाका म्हणाले, "चला मॅडम." माझा पायच उचलेना. बस निघून गेली. मी वल्लभनगर स्टँडवर जाऊन गावाची एसटी पकडली. अण्णांना काय तोंड दाखवू, एवढंच रस्ताभर डोक्यात होतं.

अण्णा बाजाराला गेले होते. अंगणात आई मिरच्या वाळवत होती, खाली तोच फ्लेक्स उलटा अंथरलेला. दुमडलेल्या कोपऱ्यातून माझा गोरा गाल दिसत होता. "आई, मला जमंना गं," म्हटलं आणि रडूच फुटलं. "ती फ्लेक्सवरची पोरगी मी न्हाई."

"अगं, तिला कोण ओळखतंय? तुझ्या अण्णाला बी म्हणलं मी, ही कुणाची लेक छापून आणली? बस हितं. देठं खुड."

मी देठं खुडत बसले. अण्णा आले. आता 'साहेब' म्हणतील, रजा किती विचारतील, म्हणून मी मान वर केलीच नाही. त्यांनी वाकून माझे सुजलेले डोळे पाहिले. मग पिशवी खाली ठेवून म्हणाले, "काळे, कवा आलीस?"

थोडे दिवस राहून मी चाकणला परतले. बटण दाबण्याआधी पार्ट अजून दोनदा बघते, पण अण्णा फोनवर "कसं चाललंय" विचारतात तेव्हा "आज लई भ्या वाटलं" असंही सांगते. माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, तुमचं घर कुठे आहे मला माहीत नाही. माझं त्या एका हाकेत आहे.