एकट्याने ढकलायचा बेड

माझी आत्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. हे लग्न घरात कुणाच्याच पचनी पडलं नव्हतं. आत्याने कुणाला भीक घातली नाही. माणूस सरळ आहे, एवढंच ती म्हणायची आणि विषय मिटवायची.

आतोबांचं मुख्य काम पेशंटचे बेड इकडून तिकडे नेण्याचं. हॉस्पिटलात नवे बेड आले. खाली पाठ वर-खाली करायची मोटर, उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर, पायथ्याशी मॉनिटर. जुन्याच्या दुप्पट जड. आणि तेव्हाच वरून हुकूम सुटला, की यापुढे एका बेडला एकच माणूस. आधी दोघे असायचे. आतोबांनी व्यवस्थापकांना सांगून पाहिलं. चाकं उत्तम आहेत, बोटाने ढकललं तरी बेड सरकतो, असं त्यांनाच ऐकवण्यात आलं.

सरकायचा, ते खरं. थांबायचा नाही.

एका दुपारी आतोबा एका आजींना तपासणीला नेत होते. दोन इमारतींच्या मधल्या उतारावर खालचं दार उघडलं आणि एक नर्स समोर आली. आतोबांनी सगळा जोर लावून बेड मागे ओढला. तो ऐकेना. मग त्यांनी तो भिंतीकडे वळवला आणि आजींना धक्का बसू नये म्हणून स्वतःचा हात मधे घातला. आजींना खरचटलंसुद्धा नाही. आतोबांचं मनगट चिरडलं.

चौकशी झाली. निष्कर्ष निघाला, ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’.

ते वाचून आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आतोबा प्लास्टरमधला हात सांभाळत तिला शांत करू पाहत होते, ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ती थेट व्यवस्थापकांच्या खोलीत शिरली. त्यांनी चहा मागवतो म्हटलं. नको म्हणाली.

“बेड दुप्पट जड केलात,” ती म्हणाली, “आणि माणसं निम्मी. म्हणजे बल निम्मं, वस्तुमान दुप्पट. त्वरण किती उरलं?”

व्यवस्थापक हसले. बेड काही शर्यतीत पळवायचा नाही, त्वरण कमी झालं तर बरंच, असं काहीसं बोलले.

“वेग वाढवणं हे त्वरण आणि वेग मोडणं हेही त्वरणच. ते पाव झालंय. आधी हे जिथे बेड थांबवायचे, तिथे तो आता थांबूच शकत नाही. यात यांचा निष्काळजीपणा कुठे आला?”

नियम पुस्तकात ठीक असतात, असं व्यवस्थापकांनी म्हटलं मात्र, आत्या उठली. बाहेर पॅसेजमध्ये एक नवा बेड उभा होता. पन्नाशी उलटलेली माझी आत्या चपला काढून त्यावर आडवी झाली आणि पदर सावरत म्हणाली, “ढकला. रोज यांना ज्या चालीने न्यायला लावता, त्याच चालीने. आणि त्या काळ्या पट्टीवर थांबवा.”

नर्सेस गोळा झाल्या. आता मागे फिरणं शोभणार नव्हतं. व्यवस्थापकांनी ढकललं. बेडने हळूहळू वेग घेतला. पट्टी येताच त्यांनी दांडा खेचला, तसे त्यांचे चकचकीत बूट फरशीवरून घसरत गेले आणि बेड त्यांना घेऊन थेट कचऱ्याच्या डब्यावर आदळला. एक नर्स फिसकन हसली. आत्या हसली नाही.

“ही सपाट फरशी आहे,” ती पडल्या पडल्याच म्हणाली.

आठवड्याच्या आत बेडला पुन्हा दोन माणसं आली. पण आतोबांच्या नावापुढचा तो शेरा कुणी खोडला नाही. झालं गेलं, आता कशाला उकरून काढता, असं उत्तर मिळालं. वर आत्याला सुरक्षिततेवर भाषण द्यायचं आमंत्रण आलं. तिने आधी शेरा काढा म्हणून कळवलं. त्यांनी काढला नाही, ती गेली नाही.

आतोबांना आता त्या हाताने शर्टाची बटणं लावता येत नाहीत. आत्या लावून देते आणि लावताना व्यवस्थापकांचा उद्धार करते.

“जाऊ दे गं,” आतोबा म्हणतात.

“का म्हणून जाऊ द्यायचं?” ती म्हणते आणि कॉलर नीट करते.