ट्रकला बैलगाडीच्या फळ्या

ट्रक पास होण्याआधीच मी गावभर पेढे वाटले. लष्कराच्या लिलावात घेतलेला जुना ट्रक नरडाण्याजवळच्या आमच्या गावात धूर सोडत शिरला आणि मला वाटलं, आता राहिलं काय? राहिलं होतं ते धुळ्याचं आरटीओ ऑफिस, आणि ते फक्त बायकोच्या लक्षात होतं. तिने पेढा हातात घेतलाच नाही. पास होऊन येऊ द्या, मग खाईन म्हणाली.

त्या ट्रकवर मी लोकांचा कापूस वाहणार होतो. त्यापायी बैलजोडीही विकून बसलो होतो. वेचणीच्या आत ट्रक रस्त्यावर आला नाही, तर वर्षभर हात चोळत बसायचं. मागची बॉडी बांधायला गावातले सुतारनाना बसवले. त्यांचा जन्म बैलगाड्या करण्यात गेलेला. कापूस जास्त मावावा म्हणून गाडीच्या फळ्या वरच्या अंगाला बाहेर झुकत्या ठेवतात, तशाच त्यांनी ट्रकलाही ठेवल्या. खाली उभा राहून 'अजून थोडं बाहेर घ्या, नाना' म्हणणारा मीच होतो.

धुळ्याला आरटीओच्या साहेबांनी खाली टेप लावली, मान डोलावली. मग शिडी मागवून वर लावली. रुंदीला आठ फुटांची हद्द, आणि तिच्यावर चार बोटं!

मी म्हटलं, साहेब, लष्कराची गाडी आहे, पार सरहद्दीपर्यंत जाऊन आलीय.

"लष्कराची होती तेव्हा रस्ता तिचा होता," ते म्हणाले. "आता तुमची आहे. समोरून एसटी आली तर तिने जायचं कुठं?"

ऑफिस बंद व्हायच्या आत मापात आणा, नाहीतर दिवाळीनंतर या, असं सांगून ते आत गेले. दिवाळीनंतर कापूस दुसऱ्याच्या गाडीतून कधीच गेलेला असता.

सोबत आलेले नाना ट्रकभोवती एक चक्कर मारून आले. "भाऊ, कडबा भरावर आपन काय करतस?"

काय करतो? दोर आवळतो, दांडकं घालून पीळ देतो. तसाच दोर या फळीपासून त्या फळीपर्यंत ताणला, मधे दांडकं घातलं आणि मी त्याला लोंबकळलो. बाहेरचे ड्रायव्हर गंमत बघायला जमले. एकजण म्हणाला, मालक, आधी पोट आत घ्या, फळ्या आपोआप येतील. पण कुरकुरत का होईना, फळ्या ताठ उभ्या राहिल्या. शेजारच्या वेल्डरकडून वरून आडव्या लोखंडी पट्ट्या बसवून घेतल्या, मगच दोर सोडला. फळी हलली नाही.

साहेब पुन्हा शिडीवर चढले. टेप वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. हद्दीच्या दोन बोटं आत.

"पास," ते म्हणाले, आणि बाहेरच्या ड्रायव्हरांनी एकदम हॉर्न वाजवले.

परतीच्या वाटेवर समोरून आलेल्या प्रत्येक एसटीला मी हात केला. ओळख कुणाशीच नव्हती, पण बाजूने ती सुखरूप जातेय हे बघायला बरं वाटे. गावाच्या वेशीपासून हॉर्नवरचा हात काढला नाही. पारावरची म्हातारी मंडळीसुद्धा उठून उभी राहिली.

बायको दारात ताट घेऊन तयार होती. ट्रकला कुंकू लावलं, नारळ फोडला, चहूबाजूंनी फिरून फळ्या नीट पाहिल्या आणि माझ्यापुढे हात पसरला.

"तवय बठ्ठा गावले पेढा वाटात," ती म्हणाली. "आते मना पेढा कोठे शे?"