हिरव्या पानांची बाटली

घरात मला शंकासूर म्हणतात. हे नाव नवऱ्यानं ठेवलं आणि माझ्या माहेरच्यांनी ते हसत हसत उचललं. गॅस बंद केला का, कुलूप नीट लागलं का, म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरणारी बाई मी. बीदरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात मुलांना सांगते की प्रश्न विचारायला लाजू नका, आणि घरी मी प्रश्न विचारला की सगळे एकमेकांकडे बघतात. पण लेकीच्या जन्मानंतर जी शंका माझ्या मनात शिरली ती खरी होती की खोटी, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

लेक झाली ती ऐन उन्हाळ्यात. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी गेले, औरादजवळच्या आमच्या गावी. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात आतली, बिनखिडकीची खोली. वर तापलेले पत्रे, खाली बाजेखाली शेगडी, कानाला फडकं आणि अंगावर गोधडी. उन्हानं बाहेर कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती आणि मी शेक घेत होते. तेही मी सहन केलं असतं. सहन होत नव्हती ती तहान.

आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला पाणी जपून देतात. गार पाण्याचं तर नावच नको. उकळलेलं, ओवा टाकलेलं, वाटीभर, आणि तेही आईच्या हातून. जास्त प्यालं तर पोट सुटतं, अंगात वात भरतो, बाळाला सर्दी होते, असा सगळा हिशेब. मी आईशी वाद घातला. अंगातून घाम जातो, दूध जातं, मग ते पाणी येणार कुठून, असं शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं.

"तुला पाणी पाजून माझं नाव खराब करू का?" आई म्हणाली. "म्हातारपणी कंबर दुखायली की मग माझी आठवण काढशील."

आई रागीट नव्हती. तिला माझी काळजी होती, आणि काळजी करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी ओठ चाटत पडून राहायची. मोरीत कुणी बादली भरायला लागलं की माझं सगळं लक्ष त्या आवाजाकडे.

अशात मामी आली. मामीचं माहेर तेलंगणातलं. आमच्या गावापासून ती हद्द इतकी जवळ की लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला माणसं सहज इकडून तिकडे जातात. तिनं बाळंतविड्याबरोबर एक खोकं आणलं होतं. त्यात तपकिरी रंगाच्या पेयाच्या बाटल्या. बाटलीवर हिरव्यागार पानांचं चित्र आणि सगळी अक्षरं तेलुगू.

"जडीबुटीचं हाय," मामी म्हणाली. "आमच्याकडं बाळंतिणी पितेत. दूध उतरतंय."

आईनं बाटली हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली. आमच्या घरात तेलुगू सगळ्यांना बोलता येतं. आई तर बाजारात तेलुगूत घासाघीस करते. वाचता मात्र कुणालाच येत नाही. माझ्या वडिलांना, अप्पांना, मराठी, कन्नड आणि शाळेत शिकलेलं थोडं उर्दू वाचता येतं. मला मराठी, कन्नड, इंग्रजी. तेलुगू आमच्यासाठी फक्त कानाची भाषा. पण पानांचं चित्र वाचायला शाळा लागत नाही. आईला ते पुरलं. जी आई मला घोटभर साधं पाणी देत नव्हती, तिनं ती बाटली काहीएक न विचारता मान्य केली. कारण ते पाणी नव्हतं, औषध होतं.

फक्त ते गार नको. म्हणून आई गंजात गरम पाणी काढायची, त्यात बाटली उभी करायची आणि चांगली कोमट झाली की मला द्यायची. झाकण उघडलं की सगळा फेस भसकन वर यायचा आणि मागे उरायचं ते गोड, मुळांच्या वासाचं, मऊ पडलेलं काहीतरी. चव काही खास नव्हती. पण मी ते असं प्यायची की शेवटचा थेंबही जिभेवर झटकून घ्यायची. सकाळी एक, दुपारी एक, कधी संध्याकाळी तिसरी. शंकासुरानं एकदाही विचारलं नाही की यात आहे काय. तहानेपुढे माझी शंका पार गार पडली होती.

मग लेक शांत झाली.

आधी ती भुकेला किंचाळून रडायची, मूठ तोंडात घालायची, पाय झाडायची. हळूहळू ते कमी झालं. झोपायची आणि झोपूनच राहायची. छातीशी धरली तर चार घोट घेऊन पुन्हा डोळे मिटायची. गालाला बोट लावलं तर तोंड थोडं हलवायची आणि सोडून द्यायची. बघायला आलेल्या बायका खूश. "किती शांत लेकरू हाय गं," शेजारच्या अक्का म्हणाल्या. "आमची तर घर डोक्यावर घेत होती." मामीचा फोन आला तेव्हा आईनं तिलाही कौतुकानं सांगितलं, बाटली लागू पडली म्हणून.

ते वाक्य ऐकलं आणि मी उठून बसले. बाटली मी पीत होते, मग ती लेकीला लागू कशी पडली?

एकदा असा प्रश्न पडला की मला तो सोडत नाही. मी बाळाच्या छातीकडे बघत बसले. वर होते, खाली होते. पुन्हा वर होते की नाही? बोट नाकाखाली धरायची. फोन काढून शोधायला लागले. एका ठिकाणी लिहिलेलं, झाडपाल्याची पेयं स्तनदा मातांना उत्तम. दुसरीकडे लिहिलेलं, कुठला झाडपाला ते कळल्याशिवाय घेऊ नये, काही वनस्पतींचा अंश दुधात उतरू शकतो. तिसरीकडे तेच पेय विकायला ठेवलेलं. जितकं वाचत गेले तितकी जास्त घाबरत गेले. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, पानंच आहेत ना ती?" धोतराही पालाच असतो, असं मी त्याला ओरडून सांगितलं आणि फोन ठेवून पुन्हा लेकीच्या नाकाखाली बोट धरलं.

बाटलीचा फोटो काढून मामीला पाठवला आणि फोनवर वाचून दाखव म्हटलं. मामी तेलुगू शाळेत शिकलेली.

"साखर, पाणी, रंग," ती वाचत गेली. "अन् झाडपाल्याचा अर्क."

"कोणत्या झाडाचा?"

"ते न्हाई लिवलेलं."

"मामी, तू आधी वाचलं नव्हतंस?"

"कामून वाचू? सगळेच पितेत की." मग तिचा आवाज बदलला. "का गं? लेकरू बरं हाय ना?"

मी फोन तसाच ठेवला. बाळाला उचललं आणि दारापाशी उजेडात नेलं. बाळंतिणीनं उंबऱ्याबाहेर यायचं नसतं, म्हणून आई धावत आली. त्या आतल्या खोलीत पिवळा बल्ब होता. त्याच्या उजेडात सगळंच पिवळं दिसायचं. दारातल्या उन्हात मात्र लेकीचं नाक, कपाळ, डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचं बोट लावल्यासारखा दिसत होता.

"आई, ही जास्तच शांत आहे," मी म्हणाले. "हिला दवाखान्यात न्यायचं."

मला वाटलं, आता आई मला आत ढकलणार. ऊन लागेल, वारा लागेल, शंका पुरे कर म्हणणार. मी भांडायच्या तयारीत उभी होते. आई लेकीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "तुझ्या आधीची बी अशीच शांत हुती. सगळे असंच मनायचे, किती शांत लेकरू हाय."

माझ्या आधी कुणी होती, हे मला त्या दिवशी कळलं. घरात कधी कुणी तिचा उल्लेख केलेला मी ऐकला नव्हता. पण पुढे काही विचारायला आई थांबली नाही. तिनं लेकीला पदरात गुंडाळलं, अप्पांना रिक्षा आणायला पाठवलं आणि माझ्या आधी उंबरा ओलांडला.

औरादच्या डॉक्टरीणबाईंनी बाळाचं वजन केलं. जन्माच्या वेळेपेक्षाही ते कमी भरलं. दोन आठवड्यांच्या बाळाचं ते वाढायला हवं होतं. लंगोट किती वेळा ओला होतो, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, कमीच. बाळंतीण काय खाते, काय पिते, असं विचारल्यावर आई खाली बघायला लागली. मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

त्यांनी ती बघितली, झाकण उघडून वास घेतला आणि परत ठेवली. "ह्याच्यात काय आहे ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ह्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. ह्यानं नाही झालं असंही म्हणणार नाही. माहीत नाही म्हणून बंद करायचं, एवढंच." मग माझ्या सुकलेल्या ओठांकडे बघून त्यांनी विचारलं, "आणि पाणी?"

"देतो की," आई म्हणाली. "थोडं थोडं."

"तहान लागेल तेवढं द्या. बाळंतीण आहे ती, तिला शिक्षा झालेली नाही."

त्यांनी आम्हाला तसंच बीदरला पाठवलं. बाळाला कावीळ होती, अंगात दूध पुरेसं जात नव्हतं, आणि त्यामुळेच ती जास्त झोपत होती. झोपत होती म्हणून आणखी कमी पीत होती. तिथे तिला निळ्या उजेडाखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी बांधलेली ती एवढीशी पोर काचेतून बघताना मी प्रत्येकाला एकच विचारत होते, बाटलीमुळे झालं का? नर्सला, डॉक्टरांना, नवऱ्याला. कुणीतरी हो म्हणावं किंवा नाही म्हणावं. मला गुन्हेगार हवा होता आणि तो कुणी देत नव्हतं. सगळे सांगत होते, तिला उठवा, पाजा, पुन्हा उठवा. मी तिच्या तळव्यांवर टिचक्या मारायची, कान चोळायची, ओल्या फडक्यानं तोंड पुसायची. दोन घोट घेतले की मला रडू फुटायचं. हळूहळू ती जास्त वेळ ओढून पिऊ लागली.

आता ती बालवाडीत जाते आणि घर डोक्यावर घेते. बाटलीत कोणता पाला होता ते आम्हाला कधीच कळलं नाही. उरलेल्या बाटल्या आईनं उकिरड्यावर ओतल्या. मामी मात्र पुढे कितीतरी दिवस माझ्याशी डोळे मिळवून बोलली नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण तिनं दिलं ते मायेनंच दिलं होतं. अजूनही लेक दुपारी जास्त वेळ झोपली की मी जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरते. नवरा आता त्यावरून चिडवत नाही.

बीदरहून आम्ही परत गावी आलो तो दिवस मला पक्का आठवतो. आईनं माझी बाज बाहेरच्या पडवीत, वाऱ्याला टाकली होती. उशाशी पाण्यानं भरलेला तांब्या. मी टेकते न टेकते तोच लेकीनं सूर लावला. दूध लगेच मिळालं नाही म्हणून लालबुंद होऊन, मुठी आवळून, गल्लीला ऐकू जाईल असं रडत होती. शेजारच्या अक्का भिंतीवरून डोकावल्या.

"आधी किती शांत हुतं गं. आता कामून असं रडायलंय? दृष्ट लागली बघ, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक."

आईनं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, माझ्या हातात दिलं आणि मी सगळं पिईपर्यंत तिथेच उभी राहिली.

"रडू दे, अक्का," ती म्हणाली. "शांत लेकरू नको मला."