नावड्याची लाइन

मी एंटर दाबायला बोट पुढे नेलं की काका त्या बटणावर तळहाताचं छप्पर धरायचे. "पोरी, आधी वाच, मग दाब."

वीस वर्षं मी कम्प्युटर दुरुस्त करते. सानपाड्यात आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर माझं दुकान आहे. पडद्यावर काय येणार हे न वाचताच आपल्याला कळतं, असा माझा समज होता. तिसऱ्या मजल्यावरच्या या काकांनी तीन आठवड्यांत तो पार मोडून काढला.

तुमच्याही पाहण्यात असा माणूस असेल. गोड बोलतो, चहा पाजतो आणि हळूहळू तुमचं डोकं फिरवतो.

काका मूळचे साताऱ्याकडचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, एका व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. ट्रक काट्यावर चढला की वजन कम्प्युटरवर घ्यायचं आणि संध्याकाळी दिवसभराची वजनं फोनच्या तारेवरून ऑफिसच्या कम्प्युटरला पाठवायची. ऑफिसच्या टोकाला बसायचा त्यांचा दोस्त, जवळच्याच नावडे गावचा आगरी गडी. काम उरकलं की दोघं त्याच तारेवर एकमेकांना गप्पा टाइप करून पाठवत. पुढे ते कम्प्युटर भंगारात निघाले, तेव्हा दोघांनी आपापला घरी उचलून आणला.

आणि आता, घराघरात वायफाय असताना, काका माझ्या दुकानाच्या दारात उभे. "नावड्याची लाइन चालू करून दे."

त्यांची हार्ड डिस्क मेली होती. मी कुठून तरी जुनी पैदा करून बसवली. मग सगळं पहिल्यापासून घालायचं. आधी डॉस, म्हणजे त्या काळची मूळ सिस्टिम, त्यावर ते फोनवरून बोलणारं सॉफ्टवेअर. ते पाच फ्लॉप्यांमध्ये होतं आणि तिसरी फ्लॉपी वाचली जाईना. पडदा विचारायचा, पुन्हा प्रयत्न करू की सोडून देऊ?

"पुन्हा," काका म्हणायचे.

"काका, फ्लॉपी गेलीये."

"तो विचारतोय ना? मग सांग त्याला, पुन्हा."

चौदा वेळा सांगितलं. पंधराव्यांदा फ्लॉपी वाचली गेली. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही, फक्त चहाचा कप पुढे सरकवला. मला त्या कपाचाही राग आला.

पुढचा आठवडा मोडेमने खाल्ला. मोडेम म्हणजे कम्प्युटरला फोनवर बोलायला लावणारा डबा. सॉफ्टवेअर विचारत होतं, डबा कुठल्या पोर्टवर आहे? मी सवयीने पहिला निवडून पुढे गेले. डबा ढिम्म. केबल बदलली, डबा उघडला, झाडला, पुन्हा लावला. चौथ्या दिवशी काकांनी पिवळं पडलेलं माहितीपुस्तक काढलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. मी दातओठ खात ऐकत बसले. बाराव्या पानावर ते थांबले. "पोर्ट दोन निवडावा, असं लिवलंय."

पोर्ट दोन निवडला. डब्याचे दिवे लागले.

मग स्कूटर काढून मी नावड्याला गेले, तिकडचं टोक लावायला. दोस्त खिडकीशी खुर्चीत बसलेला. अर्धांगवायूने उजवं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. त्याची सून म्हणाली, "बोलना बंद झालंय. पन समजतं सगला." मी कीबोर्ड पुढे ठेवला, तर त्याचा डावा हात आपसूक बटणांवर जाऊन बसला.

दोन्ही टोकं तयार झाली, पण लाइन जुळेना. दोन्ही घरचे फोन आता फायबरवर, तिथे या जुन्या डब्यांचा आवाज नीट पोचत नव्हता. मोडेम किंचाळायचा, क्षणभर जुळायचा आणि तुटायचा. संध्याकाळी माझा बांध फुटला. "काका, कशाला हा छळ? व्हॉट्सॲपवर लिहा ना! जग करतं!"

काकांनी शांतपणे मोबाईल माझ्या हातात दिला. दोस्ताचं नाव होतं, खाली महिन्याभराचं काहीच नाही.

"रोज चार वाजता वर येतं, लिहितोय म्हणून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग जातं. एका हातानं लिहितो, चुकतं, लाजतो, पुसून टाकतो. मला काय मिळतं? काय नाय. आमच्या लाइनवर कसं, अक्षर दाबलं की लगेच इकडं पडतं. त्याला पुसायला मी वेळच देत नाय."

मी मोबाईल परत दिला आणि म्हटलं, "मोडेमचा वेग कमी करून बघू का? अगदी तळाला?"

"मी काय म्हणतोय आठवडाभर? भरलेला ट्रक घाटात पयल्या गिअरमध्येच चढतो."

असं ते एकदाही म्हणाले नव्हते, हे मी इथे नोंदवून ठेवते.

वेग तळाला नेला. नंबर फिरवला. डबा किंचाळला, खरखरला आणि गप्प झाला. तुटला नाही. काकांनी इंग्रजी लिपीत एकेक बटण शोधून लिहिलं, "आहेस का". आम्ही वाट पाहिली. मग पडद्यावर एक अक्षर पडलं, बऱ्याच वेळाने दुसरं, मग तिसरं: hay.

"हाय म्हणतायत," मी म्हटलं.

"इंग्रजीतलं नव्हं, पोरी. आगरी हाय. 'आहे' म्हणतोय." बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

त्यानंतर रोज दुपारी चारला तिसऱ्या मजल्यावरून ती किंचाळी यायची. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी कुणाचा मिक्सर बिघडलाय म्हणून सोसायटीत तक्रारही केली.

पाच महिन्यांनी काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. नावड्याला दोस्ताच्या सुनेला मीच फोनवर कळवलं. तेराव्यानंतर काकांच्या मुलाने निरोप पाठवला, कम्प्युटर घेऊन जा. मी वर गेले तेव्हा चार वाजत आले होते. वायर काढायला वाकले आणि का कोण जाणे, नंबर फिरवला.

लाइन जुळली. तिकडून अक्षरं पडू लागली. "तू कोन"

"कम्प्युटरवाली."

मग एकेक अक्षर करत आलं, "शेवटी काय जेवला"

मी आत जाऊन काकांच्या सुनेला विचारलं. दुधीची भाजी आणि भाकरी. तसं लिहिलं.

"दुधी त्याला कदीच आवडत नवता"

सून माझ्यामागे येऊन उभी होती. तिने ते वाचलं. "दर आठवड्याला करायची मी," ती म्हणाली. "कधी बोलले नाहीत."

पडद्यावर पुढची अक्षरं यायला लागली होती. तिने स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसली.