अर्थिंगचं पाणी

हेवा वाटतो असं कुणी कबूल करत नाही. ‘त्याचं चांगलं झालं, मला आनंदच आहे’ असं म्हणायची पद्धत आहे. मला आनंद झाला नव्हता. माझ्या पोटात दुखलं, आणि चांगलं तीन वर्षं दुखत राहिलं. त्यात तो माणूस गावचा जावई. म्हणजे त्याला उलटून बोलायचीही सोय नव्हती.

आमचं गाव दिंद्रुडपासून जवळच. बीडच्या आयटीआयमधून वायरमनचं शिकून आलो, तेव्हापासून वीस वर्षं गावात लाईटचं काम म्हणजे मी. कुणाचा फ्यूज उडो, पंखा घरघरो, मोटार जळो, बोलावणं मलाच. सहकारी दूध संस्थेचं कामही माझ्याकडे होतं. तिथलं मानधन चहापाण्यापुरतंच, पण संस्थेच्या फळ्यावर चेअरमन आणि सचिव यांच्या खाली ‘वायरमन’ असं लिहून पुढे माझं नाव होतं. येता-जाता मी ते वाचायचो. स्वतःचंच नाव काय वाचायचं, पण वाचायचो.

मग ओळीने दोन वर्षं पाऊस झाला नाही. ऊस गेला. साखर कारखान्याने त्या हंगामात बॉयलर पेटवलाच नाही आणि कामगारांना घरी बसवलं. कारखान्यात पंधरा वर्षं वायरमन असलेला एकजण बायको-लेकरं घेऊन सासुरवाडीला, म्हणजे आमच्या गावात, राहायला आला. त्याची बायको आमच्या गल्लीतली, भावकीतल्या नात्याने माझी बहीण. तेव्हा तो माझा दाजी आणि मी त्याचा मेव्हणा. आठ दिवसांत तो अख्ख्या गावाचाच दाजी झाला.

जावई सासरी येऊन राहिला की लोक नाकं मुरडतात, म्हणून मी निवांत होतो. पण त्या साली नेमका धोंड्याचा महिना आला. घरात पाण्याचा ठणठणाट, तरी लोकांनी गावचा जावई म्हणून याला घरोघर जेवायला बोलावलं. जेवून उठताना हा म्हणायचा, “ह्यो बोर्ड गरम व्हतोय का? बघू जरा.” आणि उभ्या उभ्या दुरुस्त करून द्यायचा. माझी गिऱ्हाइकं अशी पुरणाच्या ताटावरून गेली.

तरी तोवर मी मनाची समजूत घालत होतो, की फुकटात कोण करून घेणार नाही. खरा दणका बसला तो गावात शिलाईकाम करणाऱ्या एका वहिनींच्या घरी. त्यांच्या न्हाणीत अधूनमधून झटका बसायचा. मी तीनदा गेलो. नळाला टेस्टर लावला, खिडकीच्या गजाला लावला, लाईट लागेना. बोर्ड उघडले, पट्ट्या काढल्या, दोन खोल्यांची वायर नवी ओढली. तरी त्यांचं म्हणणं तेच. शेवटी मी वैतागून म्हणालो, “वहिनी, तुमच्या मनाचा खेळ हाय ह्यो.”

त्यांनी दाजीला बोलावलं. मी समोरच्या पानटपरीवर होतो, तिथून सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. दाजीने पिशवीतून पक्कडसुद्धा काढली नाही. उंबऱ्याशी बसला. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणला तर हात जोडून म्हणाला, “पानी ऱ्हाऊ द्या, घरात लागंल.” त्या एका वाक्याचं कौतुक गल्लीत पंधरा दिवस चाललं. मग विचारायला लागला. झटका कपडे धुताना बसतो का भांडी घासताना? सकाळी का दुपारी? कोणत्या वारी? वहिनी आधी हसल्या, मग बोटांवर मोजायला लागल्या, आणि मोजता मोजता थांबल्या.

“अगं बाई. टँकर येतो त्या दिवशीच बसतो की.”

टँकर आठव्या दिवशी यायचा. आठवड्याचे कपडे त्याच दिवशी धुतले जायचे, तेव्हाच काय ती न्हाणीची भिंत भिजायची. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातल्या प्लगची वायर होती, आणि ओल धरली की करंट भिंतीतून नळापर्यंत यायचा. बाकीचे दिवस भिंत खडखडीत. मी तिन्ही वेळा कोरड्या दिवशीच गेलो होतो.

“मंग मी टँकरच्याच दिवशी येतो,” दाजी म्हणाला. तसा आला. मीही न्हाणीच्या दारात जाऊन उभा राहिलो. कपडे पिळलेलं दोन मग पाणी भिंतीवर मारलं, थोडा थांबला, नळाला टेस्टर लावला. लागला. मेन बंद करून त्याने वीतभर गिलावा फोडला. आत वायरीचा जोड होता, वरची टेप गळून गेलेली. जोड माझ्या हातचा होता. कुणाचा जोड आहे ते वायरमनला पिळावरून कळतं, आणि त्याआधी महिनाभर तो माझ्या कामावर येऊन उभा राहायचा तेव्हा मी त्याच्यासमोर तसेच पीळ मारत होतो. त्यालाही कळलं. ‘जुना जोड हाय’ एवढंच म्हणाला. बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

वीस वर्षांत घरातल्या बाईला वार विचारावा, असं मला एकदाही सुचलं नव्हतं. त्या रात्री बायको ताट वाढताना म्हणाली, “दाजीसारकं जरा इचारत जावा की.” माझा नुसता तिळपापड झाला. तरी पुढच्या घरी मी लाज सोडून विचारून पाहिलं. बाई म्हणाली, “दाजी बी आसंच इचारतेत.” त्यानंतर मी विचारणं बंद केलं.

दुष्काळात गावाला दुधाचाच काय तो आधार उरला होता. जनावरं चारा छावणीत, आणि तिथलं दूध संस्थेच्या मोठ्या कूलरमध्ये. कूलर बंद पडला तर गावाचं दूध नासणार, म्हणून चेअरमन जपून असायचे. एक दिवस माझ्यासमोरच म्हणाले, “कूलरची अर्थिंग एकदा दाजीकडून बघून घिऊ.” मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दाजीने संस्थेच्या मागे नवा खड्डा घेतला. पाइप रोवला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. यंत्रातून करंट गळालाच तर तो ओल्या जमिनीत उतरून जातो. जमीन कोरडी असली की तो यंत्राच्या अंगावरच राहतो आणि हात लावेल त्याला बसतो. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला हे माहीत असतं. म्हणून मी पुढे जे केलं त्याला माझ्यापाशी सबब नाही.

संस्थेत दुधाचे कॅन धुवायला भीमनगरातली एक मावशी होती. दाजीने तिला सांगितलं, “मावशी, कॅन धुतलेलं पानी रोज ह्या खड्ड्यात. दोन बकेट. एक दिस बी खाडा करू नका.” ती इमानाने ओतायची.

महिनाभराने एका सकाळी मी संस्थेत गेलो, सवयीने फळा वाचला. माझ्या नावाखाली ताज्या खडूने दाजीचं नाव होतं. खाली का होईना, होतं. मागे गेलो तर मावशी खड्ड्यापाशी बकेट घेऊन उभी. मला बघून म्हणाली, “भाऊ, दुधाचा वास हाय वो पान्याला. माज्या दोन शेळ्या हेच्यावर जगतील.” ती नुसती हळहळली होती, काही मागत नव्हती.

“मग कावून वतती मातीत?” मी म्हणालो. “तसं काय लागत न्हाई. खुशाल ने शेळ्यांला.”

“दाजी म्हनलेत...”

“मी बी वायरमनच हाय की, मावशी.”

तिला इतका आनंद झाला, की तिने माझ्या लेकरांना आशीर्वाद दिले. मी ते घेतले. माझ्या मनातला डाव साधा होता. अर्थिंग सुकेल, कधीतरी कुणाला बारीकसा झटका बसेल, आणि लोक म्हणतील, दाजीचं काम कच्चं निघालं. बारीकसा झटका. मी मनात तेवढाच धरला होता.

वैशाखातली दुपार. मी संस्थेच्या पुढच्या खोलीत ट्यूबचा स्टार्टर बदलत होतो. मागून कॅन कोसळल्याचा आवाज आला. धावलो तर मावशी भिंतीशी फेकली गेलेली, ओल्या फरशीवर अनवाणी पाय, डोळे उघडे पण बोलेना. कूलरला हात टेकून उठायला गेली होती. मी मेन पाडला. तिच्या तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळाने तिने ‘शेळ्या’ असं काहीतरी म्हटलं. दवाखान्यात नेलं, तळहात भाजला होता, पट्टी बांधून तासाभराने परत आणलं. घरी जायला ती तयार होईना. काम जाईल म्हणून संस्थेच्या ओट्यावर बसून राहिली.

चेअरमन आले, सचिव आले, दूध घालणारे दहा-बारा जण जमले. दाजीला बोलावणं गेलं. तो आला आणि कूलरकडे न जाता मावशीसमोर मांडी घालून बसला. आता हा काय करणार ते मला पाठ होतं.

“मावशी, हात कुटं लागला? पाय वल्ले व्हते का? आदी कदी मुंग्या आल्त्या का?”

ती एकेक सांगत गेली. मग त्याने कूलरची वायर सोडवून मेन परत चढवला आणि बल्बचा होल्डर काढला. एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला. चांगली अर्थिंग असती तर बल्ब लख्ख लागला असता. त्याची आतली तार नुसती लाल झाली. दाजीने खड्ड्यात बकेटभर पाणी ओतलं, परत एक ओतलं. सगळे वाकून बघत होते. बल्ब हळूहळू चढत गेला आणि उन्हातही दिसण्याइतका लागला.

“खड्डा कोरडा पडला व्हता. पानी वतत व्हता ना, मावशी?”

मावशीने एकदाच माझ्याकडे बघितलं. “न्हाई. माज्या शेळ्यांला नेलं. चूक माजीच हाय.”

चेअरमनना एकच वाक्य लागलं. “मग उद्यापसनं येऊ नकोस.” आणि ते कूलरच्या दुरुस्तीचं बोलायला लागले.

मी लगेच बोललो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. सचिव मेकॅनिकला फोन लावायला आत गेले, फोन लागला, बोलणं झालं, ते बाहेर आले. तेवढा वेळ मी गप्प होतो. मावशी एका हाताने पदर खोचून उठायला लागली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “तिला मी सांगितलं. पानी लागत न्हाई म्हनलो. लागतंय हे मला ठावं होतं.”

“कावून?” कुणीतरी विचारलं.

फळ्यापासून टँकरच्या दिवसापर्यंत सगळं सांगून टाकायचं मी ठरवलं. “कारण हे दाजी...” एवढं म्हणालो, तोवर दाजी उठून उभा राहिला.

“मेव्हणे बराबर बोलतेत,” तो म्हणाला. “ह्या दुस्काळात रोज दोन बकेट पानी मातीत वता म्हनलो, ही अक्कल माजी. कारखान्यात पानी व्हतं, तिथली सवय हितं लावली. मोरीचं सांडपानी पाइपानं परस्पर खड्ड्यात सोडलं असतं, तर कुनाला सांगायचीच गरज न्हवती. चूक माजी हाय. मावशीची न्हाई, मेव्हण्यांची बी न्हाई.”

गावच्या जावयाने सगळ्यांसमोर चूक पदरात घेतली म्हटल्यावर पुढे कोण बोलणार? चेअरमनच ओशाळले. “आवो दाजी, तुमी कशाला...” म्हणाले. मावशीचं काम राहिलं. फळ्यावर माझं नाव राहिलं. दाजीने त्याच दुपारी टिकाव घेऊन मोरीपासून खड्ड्यापर्यंत चर खणला आणि मी पाइप धरून उभा राहिलो. त्याने मला एका शब्दानेही विचारलं नाही. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. त्या सगळ्या काळात खरं असं मी एकच वाक्य बोललो होतो, आणि तेही त्याने माझं राहू दिलं नाही.

पुढे पाऊस झाला, कारखाना पेटला, दाजी निघून गेला. माझी गिऱ्हाइकं परत आली. गोष्ट मात्र गावात राहिली. एवढा हुशार माणूस, पण चारचौघांत स्वतःची चूक कबूल केली आणि गरिबाचं काम वाचवलं, असं लोक अजून सांगतात. त्या गोष्टीत मी कुठेच नसतो.

परवा संस्थेत मावशीच ती एका नव्या मेकॅनिकला सांगत होती. मला राहवलं नाही. तो गेल्यावर म्हणालो, “मावशी, पानी बंद करायला मी सांगितलं होतं. ते कावून सांगत न्हाईस?”

तिने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. तळहातावर पांढरा डाग आहे अजून.

“ते कसं सांगू, भाऊ?” ती म्हणाली. “मुक्या जनावरासाटी सांगितलं तुमी, त्या साली जगल्या माज्या शेळ्या. आन ते सांगून लोकांत तुमचं नाव खराब करू? तुमी बी दाजीवानीच हाव. मन लई मोठं तुमचं.”